ठेका एक, भावंडं दोन

न्यूयॉर्कच्या पोर्टो रिकन वस्तीत 'फ्रीस्टाईल' जन्मलं, शिकागोच्या एका गोदामात 'हाऊस'. थोरलं कोण, धाकटं कोण, हा वाद अजून मिटलेला नाही. एकाने जग पालथं घातलं, दुसरं मोहल्ल्यातल्या पोरापोरींच्या आठवणीत राहिलं. पण दोघांच्या कुळाचा माग काढायला गेलं, की पावलं एकाच उंबरठ्याशी येऊन थांबतात.

१२ जुलै १९७९. शिकागोमधलं कोमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. एकाच तिकिटात दोन सामने, व्हाईट सॉक्स विरुद्ध डेट्रॉईट टायगर्स. पण त्या संध्याकाळी पन्नासेक हजारांची गर्दी लोटली होती ती खेळ बघायला नव्हे. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने पुकारा केला होता : घरातली डिस्को संगीताची एक तबकडी घेऊन या, अवघ्या ९८ सेंटमध्ये आत या, पहिला सामना संपला की सगळ्या तबकड्या मैदानाच्या मधोमध सुरुंग लावून उडवू! डालचं डिस्कोशी वैर होतं, त्यालाही कारण होतं. ज्या रेडिओ केंद्रावर तो आधी नोकरीला होता, त्या केंद्राने डिस्को वाजवायचं ठरवलं आणि त्याला घरी बसवलं.

सुरुंग उडाला. तबकड्यांच्या चिंध्या झाल्या. हजारो तरुण कुंपणं ओलांडून मैदानात घुसले, हिरवळ उखडली, जाळपोळ झाली. पोलिसांनी मैदान मोकळं केलं तोवर दुसरा सामना खेळण्याजोगी जमीनच उरली नव्हती. यजमान संघाला तो न खेळताच गमवावा लागला.

या गोंधळात व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय पोरगा मैदानात कामाला होता. काम काय, तर प्रेक्षकांना त्यांची जागा दाखवणं. सिंथेसायझर विकत घ्यायचा म्हणून तो पैसे साठवत होता. दारात जमा झालेल्या तबकड्यांत डिस्कोचा वाससुद्धा नसलेली कितीतरी गाणी त्याला दिसली. त्यांच्यात साम्य एवढंच, की ती काळ्या गायकांची होती. ही गोष्ट त्याने पुढे अनेकांना सांगितली.

पाच वर्षांनी, १९८४ साली, याच व्हिन्स लॉरेन्सने जेसी सॉन्डर्स या डिस्क जॉकीबरोबर एक गाणं रचलं. नाव 'ऑन अँड ऑन'. तबकडीवर निघालेलं हाऊस संगीताचं पहिलं गाणं म्हणून ते आज ओळखलं जातं. ज्या शहरात डिस्कोची होळी झाली, त्याच शहरात त्या राखेतून हा कोंब फुटला.

धुम-धुम आणि टक-टका-टक

आपल्याकडे 'डिस्को' हा शब्द घराघरात पोचला तो १९८०च्या 'कुर्बानी'मुळे आणि १९८२च्या 'डिस्को डान्सर'मुळे. म्हणजे गंमत बघा, अमेरिकेत ज्याचा तेरावा घालून झाला होता, त्याचं आपल्याकडे नुकतं बारसं होत होतं. हाऊस आणि फ्रीस्टाईल ही त्या डिस्कोचीच पुढची पिढी. मात्र ही नावं आपल्याकडे फारशी रुळली नाहीत. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत जे 'डीजे'चं दणदणाटी संगीत वाजतं, त्याच्या मागचा ठेका कुठून आला हे विचारायला सवड तरी कुणाला असते?

हाऊसचा ठेका ओळखणं सोपं. चार मात्रा आणि चारही मात्रांवर ढोलाचा सारखा ठोका : धुम, धुम, धुम, धुम. मध्ये झांजेची चिसचिस. वर चर्चमधल्या भजनासारखा भरदार गळा किंवा पियानोचे तुकडे. फ्रीस्टाईलचं तसं नाही. तिथे ढोल ठरल्या जागी पडतच नाही, तो अडखळतो, उडी मारतो, चकवतो. त्यावर घंटा, टिंबाली यांची टक-टका-टक आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा, प्रेमभंगाने दाटलेला आवाज. शब्द बहुधा इंग्रजी, पण मन स्पॅनिश. घरी आईबाप साल्सा ऐकत, शाळेत मित्र हिप-हॉप ऐकत. या दोहोंच्या मधल्या जिन्यात उभ्या राहिलेल्या पोरांचं हे संगीत. न्यूयॉर्कमध्ये त्याला सुरुवातीला 'लॅटिन हिप-हॉप'च म्हणत.

ऐकायला दोन्ही इतकी निराळी, मग भावंडं कशी? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

साल्सा अधिक सोल

आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलेल्या माणसांनी क्युबा, पोर्टो रिको या बेटांवर आपले ढोल नेले. निदान ढोलांची आठवण तरी नेली. आठ मात्रा घ्या आणि त्या चार-चार न तोडता ३-३-२ अशा तोडून टाळी द्या. शरीर आपोआप डुलायला लागेल. हा तुकडा कॅरिबियन बेटांच्या संगीताचा कणा आहे. पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते लाखोंच्या संख्येने न्यूयॉर्कला आले. राहायला मिळालं पूर्व हार्लेम आणि दक्षिण ब्राँक्स. शेजारी काळ्यांची वस्ती. १९७०च्या दशकात ब्राँक्समधल्या इमारतींना एकामागून एक आगी लागत होत्या, घरमालक पळत होते, पालिका हात वर करत होती. अशा शेजारात दुःखाची वाटणी झाली, तशी ठेक्याचीही झाली.

याच सुमारास केअर आडनावाच्या भावांनी एक ध्वनिमुद्रण कंपनी काढली. त्यांचा मूळ धंदा लॅटिन तबकड्यांचा. कंपनीचं नाव त्यांनी ठेवलं 'सालसोल' : साल्सा अधिक सोल, म्हणजे पोर्टो रिकन ठेका आणि काळ्यांचं गाणं. नावातच सगळी कुंडली आली. फिलाडेल्फियाचे कसलेले वादक बोलावले, व्हिन्स मोंटाना या व्हायब्राफोनवादकाला वाद्यवृंदाचा प्रमुख केलं. वर व्हायोलिनांचा थाट, खाली कोंगा-बोंगोंची धांदल आणि तळाशी सारखा पडणारा ढोल. १९७६मध्ये याच कंपनीने वॉल्टर गिबन्स या डिस्क जॉकीच्या हाती एक गाणं सोपवलं, 'टेन पर्सेंट'. त्याने ते कापून, जोडून, लांबवून नऊ मिनिटांहून अधिक केलं आणि कंपनीने ते बारा इंची तबकडीवर दुकानात विकायला ठेवलं. एकच गाणं असलेली अशी मोठी तबकडी बाजारात येण्याची ही पहिली वेळ. मोठ्या तबकडीवर खाचा रुंद असतात, त्यामुळे आवाज दणकट येतो आणि नाचणाऱ्याचे पाय मध्येच थांबत नाहीत. पुढे हाऊस काय, फ्रीस्टाईल काय, दोघांचाही संसार याच बारा इंची तबकडीवर चालला.

सालसोलच्या गायिकांत एक नाव लक्षात ठेवायचं : लोलिटा हॉलोवे. मूळची शिकागोची, चर्चच्या गायनात वाढलेली. तिचा आवाज असा, की माईक लाजावा. तिची गोष्ट पुढे येणार आहे.

एक गेला, एक राहिला

१९७०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये दोन जिवलग मित्र होते, फ्रँकी नकल्स आणि लॅरी लेव्हन. दोघेही काळे, दोघेही समलिंगी आणि दोघेही तबकड्या वाजवण्यात वाकबगार. शिकागोच्या रॉबर्ट विल्यम्सला आपल्या नव्या क्लबसाठी डिस्क जॉकी हवा होता. त्याने आधी लेव्हनला विचारलं. लेव्हनला न्यूयॉर्क सोडवेना. मग १९७७मध्ये नकल्स गेला. क्लब होता साऊथ जेफर्सन स्ट्रीटवरच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत, म्हणून नाव 'वेअरहाऊस', म्हणजे गोदाम. येणारी मंडळी प्रामुख्याने काळी आणि लॅटिन, त्यांतली पुष्कळ समलिंगी, म्हणजे समाजाने दोन-दोन दरवाजे बंद केलेली. शनिवारी रात्री आत शिरायचं आणि रविवारी उजाडल्यावर बाहेर पडायचं. पुढे शिकागोच्या 'इम्पोर्ट्स एटसेट्रा' या तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक विचारू लागलं, 'गोदामात वाजतं ते आहे का?' दुकानदाराने पाट्या लावल्या. पाटीवरचं नाव झिजत झिजत उरलं ते फक्त 'हाऊस'.

१९७९च्या त्या होळीनंतर बड्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. नवी गाणी येईनात. नाचणारे मात्र होते तेवढेच होते. मग नकल्सने जुन्या सालसोल आणि फिलाडेल्फियाच्या गाण्यांच्या टेपा कापून लांबवल्या आणि पुढे त्यांच्याखाली यंत्राचा ढोल घालायला सुरुवात केली. लेव्हनच्या 'पॅरडाईज गराज'मध्ये न्यूयॉर्कला, १९८७पर्यंत, साधारण हाच उद्योग चालू होता. टंचाईत गृहिणी शिळ्या पोळीचा कुस्करा करते, त्यातलाच प्रकार. चव मात्र अशी जमली, की पुढे लोक ताज्या पोळीचा मुद्दाम कुस्करा करू लागले!

न्यूयॉर्कच्या लॅटिन पोरांनी या टंचाईवर दुसरा तोडगा काढला. मॅनहॅटनच्या २६व्या रस्त्यावर 'फनहाऊस' नावाचा क्लब होता. तिथे तबकड्या वाजवायचा जॉन 'जेलीबीन' बेनिटेझ, दक्षिण ब्राँक्समध्ये वाढलेला पोर्टो रिकन घरातला मुलगा. मॅडोनाचं 'हॉलिडे' हे १९८३मधलं गाणं त्यानेच घडवलं. १९८२मध्ये आफ्रिका बाम्बाटाचं 'प्लॅनेट रॉक' आलं. क्राफ्टवेर्क या जर्मन मंडळाच्या थंड, यांत्रिक सुरावटी आणि ब्राँक्सच्या रस्त्यावरची उष्णता यांची ती सोयरीक होती. ठोका होता जपानी यंत्राचा. फनहाऊसची पोरं या गाण्यावर वेडी झाली.

तीन शहरं, एक यंत्र

या जपानी यंत्राची हकिकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण दोन्ही भावंडांची नाळ इथेच पुरलेली आहे.

रोलँड कंपनीने १९८०मध्ये 'टीआर-८०८' हे तालयंत्र काढलं. किंमत ११९५ डॉलर. त्या काळी खऱ्या ढोलांचा मुद्रित आवाज देणारं लिन कंपनीचं यंत्र पाच हजारांच्या घरात होतं. त्यापुढे ८०८चा आवाज म्हणजे खेळणं! ढोल 'बूम' करून घुमायचा, घंटा डब्यासारखी वाजायची. पाठोपाठ 'टीबी-३०३' आलं. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला मागून बास गिटारची साथ मिळावी म्हणून केलेलं हे चंदेरी डबडं. बास गिटारसारखं ते अजिबात वाजेना. दोन्ही यंत्रं पडली. ८०८चं उत्पादन १९८३मध्ये बंद झालं, ३०३चं १९८४मध्ये. कंपनीचं नुकसान झालं, पण जुन्या बाजारात ती गरीब पोरांच्या खिशाला परवडू लागली.

ब्राँक्सच्या ख्रिस बार्बोसाने ही दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडली आणि मार्क लिगेटबरोबर १९८३मध्ये एक गाणं केलं : 'लेट द म्युझिक प्ले'. गायिका शॅनन. ढोल ८०८चा, पण तो सरळ पडत नव्हता. त्यात तीच कॅरिबियन उडी होती. १९८४च्या फेब्रुवारीत हे गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत आठव्या क्रमांकावर पोचलं. ज्या डिस्कोला गाडून पाच वर्षं झाली होती, ते नाव बदलून परत आलं होतं. फ्रीस्टाईलचा पाया म्हणून याच गाण्याकडे बोट दाखवतात. शॅनन स्वतः लॅटिन नव्हे, काळी. म्हणजे इथेही शेजारधर्मच.

इकडे शिकागोत तीन मित्रांच्या हाती जुनं ३०३ लागलं. त्यांनी मंडळाचं नाव ठेवलं 'फ्युचर'. त्यांच्यातल्या डीजे पिअरने त्याच्या कळा वेड्यावाकड्या पिरगाळल्या, तर आतून चिखलात बुडबुडे यावेत तसा किंचाळणारा आवाज निघाला. हा तुकडा टेपवर घेऊन त्यांनी 'म्युझिक बॉक्स' क्लबच्या रॉन हार्डीला दिला. हार्डीने तो वाजवला आणि नाचणारे जागा सोडून गेले. त्याने त्याच रात्री तो पुन्हा वाजवला. पुन्हा. चौथ्या वेळी लोक हातांवर उभे राहून नाचत होते म्हणतात. १९८७मध्ये ते 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' म्हणून बाहेर आलं आणि हाऊसची एक नवी शाखाच फुटली.

आणि तिसरं शहर? आपली मुंबई! हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हीच दोन यंत्रं वापरून १९८२मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली. खाली डिस्कोचा अखंड ठोका, वर भैरवी, ललत असे राग. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकारांनी कान टवकारले. शिकागोच्या आधी पाच वर्षं हे मुंबईत? शिकागोच्या पोरांना सिंगसाहेबांचा पत्ता नव्हता आणि सिंगसाहेबांना त्यांचा. यंत्र एक असलं की कधीकधी वाटाही एक होतात, एवढाच त्याचा अर्थ. चरणजित सिंग २०१५मध्ये वारले. सुदैवाने हे कौतुक त्यांच्या हयातीत झालं.

ब्लेडने कापलेली गाणी

संगणक यायच्या आधीचे हे दिवस. गाण्यात 'म्यु-म्यु-म्यु-म्युझिक' असं अडखळणं आणायचं, तर टेपचे बोटभर तुकडे ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडावे लागत. या कामात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट कब्रेरा आणि टोनी मोरान या जोडीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते स्वतःला 'लॅटिन रास्कल्स' म्हणवत. रेडिओवर त्यांची जोडकामं लागली, की पोरं कॅसेटवर उतरवून घ्यायची. शिकागोत हेच काम 'हॉट मिक्स फाईव्ह' या पाच जणांच्या टोळीने डब्ल्यूबीएमएक्स या केंद्रावरून केलं. त्यांच्यातला राल्फी रोझारिओ लॅटिन वंशाचा. त्याचं १९८७मधलं 'यू यूज्ड टू होल्ड मी' आजही हाऊसच्या पहिल्या पंक्तीत बसतं. दोन्ही शहरांतल्या पोरांना क्लबमध्ये जायचं वय नव्हतं. त्यांचं शिक्षण झालं ते उशाशी ठेवलेल्या रेडिओवर.

फ्रीस्टाईलला त्याची पहिली मोठी नायिका मिळाली लिसा व्हेलेझच्या रूपाने. दहा भावंडांत शेंडेफळ, मॅनहॅटनच्या 'हेल्स किचन' भागातली. मॅडोनाला संधी मिळाली ती फनहाऊसमध्ये, असं कानावर आलं म्हणून ही पोरगीही तिथे जाऊ लागली आणि खरंच हेरली गेली! 'लिसा लिसा अँड कल्ट जॅम' या नावाने १९८७ या एकाच वर्षात तिची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मायामीत लुईस मार्टिनीने 'एक्स्पोझे' हा तीन मुलींचा संच उभा केला. त्यांचं गाणं १९८८च्या फेब्रुवारीत पहिलं आलं. आपल्या वस्तीतली, आपल्यासारखीच केस फुगवलेली मुलगी दूरदर्शनवर दिसते, याचं पोर्टो रिकन घरांत केवढं अप्रूप असेल याची कल्पना करावी.

हाऊसचं नशीब समुद्रापार उघडलं. जानेवारी १९८७मध्ये स्टीव्ह 'सिल्क' हर्लीचं 'जॅक युअर बॉडी' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. घरी, शिकागोत, ज्याला गोऱ्या रेडिओने दारात उभं केलं नव्हतं, त्याची लंडनमध्ये वरात निघाली.

आवाज कुणाचा, चेहरा कुणाचा

आता लोलिटा हॉलोवेची गोष्ट. १९८०मध्ये तिने सालसोलसाठी 'लव्ह सेन्सेशन' गायलं. १९८९मध्ये इटलीच्या 'ब्लॅक बॉक्स' या मंडळाने त्यातल्या तिच्या आरोळ्या उचलून 'राईड ऑन टाईम' हे हाऊस गाणं बनवलं. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे पहिलं होतं आणि त्या वर्षातलं सर्वाधिक खपलेलं गाणं ठरलं. दूरदर्शनवर ओठ हलवत होती एक सडपातळ मॉडेल. लोलिटाचं नाव तबकडीवर नव्हतं. तिने वकील गाठले, तडजोड झाली, पैसे मिळाले. पण ज्या आवाजावर युरोप नाचला, त्या आवाजाचा चेहरा लोकांना दिसलाच नाही. पाठोपाठ 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'च्या १९९०मधल्या गाण्यात मार्था वॉशचा आवाज आणि पडद्यावर दुसरीच बाई! मार्थाही कोर्टात गेली आणि आवाजाचं श्रेय मिळवूनच थांबली. संगीत गरिबांच्या पोटी जन्मतं ते ठीक, पण त्याच्या वारसाहक्काच्या वेळी गरिबांची नावं सातबाऱ्यावर का चढत नाहीत, हा प्रश्न न्यूयॉर्क-शिकागोपुरता नाही.

फ्रीस्टाईलवर वेगळी आपत्ती आली. १९९०नंतर रेडिओची हवा फिरली. न्यूयॉर्कचं हॉट ९७ हे केंद्र त्याचं हक्काचं घर होतं. तेही हिप-हॉपकडे वळलं. वर्षा-दोन वर्षांत कालच्या तारका विस्मरणात गेल्या. मात्र पडद्याआडचे कारागीर बेकार झाले नाहीत. ते शेजारच्या घरात, म्हणजे हाऊसमध्ये, राहायला गेले. टोनी मोरान गेला. ब्रुकलिनचा टॉड टेरी तर १९८८मध्येच गेला होता. फ्रीस्टाईलची कापाकापी आणि हिप-हॉपचे तुकडे त्याने शिकागोच्या ठेक्यावर बसवले. सर्वांत पुढे निघाला लुई व्हेगा. ब्राँक्सचा हा मुलगा, साल्सा गायक हेक्टर लावो याचा भाचा. सुरुवात फ्रीस्टाईल क्लबांतून. १९९१मध्ये त्याने मार्क अँथनी नावाच्या होतकरू गायकाबरोबर एक अल्बम केला. तोच मार्क अँथनी पुढे साल्साचा जगप्रसिद्ध गायक झाला. मग व्हेगाने केनी गोन्झालेझबरोबर 'मास्टर्स अ‍ॅट वर्क' ही जोडी जमवली आणि हाऊसमध्ये पुन्हा खरे कोंगा, खरी टिंबाली, खरे वादक आणले.

व्हेगाची तेव्हाची पत्नीही गायिका. जन्म पोर्टो रिकोचा, वाढली दक्षिण ब्राँक्समध्ये. लांब काळे केस आणि सावळा वर्ण, त्यावरून तिला टोपणनाव पडलं 'इंडिया'! हेच तिचं व्यावसायिक नाव झालं. १९८८मध्ये तिने फ्रीस्टाईल गायलं, १९९२मध्ये एडी पाल्मिएरीबरोबर साल्सा आणि १९९४मध्ये वृद्ध टिटो प्वेंतेच्या टिंबालीच्या साथीने हाऊस. एका बाईच्या गळ्यात तिन्ही घरं नांदली.

१९९७मध्ये व्हेगा आणि गोन्झालेझ यांनी 'नुयोरिकन सोल' नावाचा अल्बम काढला. नुयोरिकन म्हणजे न्यूयॉर्कचे पोर्टो रिकन. त्यासाठी त्यांनी जुन्या माणसांना शोधून बोलावलं. त्यांत टिटो प्वेंते होता, सालसोल वाद्यवृंद उभा करणारा व्हिन्स मोंटाना होता. एक गाणं होतं 'रनअवे'. १९७७मध्ये सालसोल वाद्यवृंदासाठी हे गाणं गायलं होतं ते लोलिटा हॉलोवेने. वीस वर्षांनी ते गायली इंडिया. तबकडीवर गाणाऱ्या बाईचं नाव छापलेलं होतं.